पांढरी, काळी आणि माळ : नळदुर्ग परिसरातील मेंढपाळांच्या घराचा इतिहास

आपल्या देशावरील गावगाड्यात जमिनीचे दोन वर्ग मानीत. जिच्यावर घरे उभी राहिली ती पांढरी आणि जिच्यात पीक उभे राहिले ती काळी. पांढरीत ज्याचे घर तो गावचा, काळीत ज्याचे रान तो मिरासदार, असा हा सरळ हिशेब होता. या हिशेबात एक तिसरी जमीन मात्र राहून गेली. ती म्हणजे माळ. गायरान, कुरण, ओढ्याकाठची पड, डोंगराचा उतार अशी तिची नाना रूपे आहेत. आमचा समाज शतकानुशतके वाढला तो या तिसऱ्या जमिनीवर. तेथे घर बांधावयाचे नसते, पीक घ्यावयाचे नसते. कळप चारावयाचा आणि पुढच्या पाण्याकडे चालू लागावयाचे, एवढाच तेथील रिवाज. मेंढपाळास घर का नाही, असे कोणास विचारले तर 'तो फिरस्ता आहे म्हणून' असे उत्तर तत्काळ मिळते. आमच्या मते हे उत्तर अपुरे, किंबहुना चुकीचे आहे. तो दरवर्षी ठरल्या वेळी ठरल्या गावी परत येतो. परंतु त्याचा तो मुक्काम गावच्या दप्तराने कधी मोजला नाही, हे खरे कारण होय. नळदुर्ग परिसराच्या इतिहासावरून ही गोष्ट समाजबांधवांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील जुने ठाणे. नळराजाची कथा गावाच्या नावाशी जोडलेली आहे, तिची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे. बोरी नदीच्या काठचा येथील भुईकोट किल्ला, रणमंडळाचा जोडकिल्ला, आणि या दोहोंना सांधणाऱ्या बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, इसवी सन १६१३ मध्ये, सिद्धीस गेलेला पाणीमहाल ही स्थळे शाळेच्या सहलींमुळे आपल्या मुलाबाळांस ठाऊक आहेत. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन धबधब्यांवर लोकांची झुंबड उडते. किल्ल्याचे बुरूज, तोफा, दरवाजे यांची वर्णने पुष्कळांनी लिहिली. किल्ल्याबाहेरच्या माळावर रात्री कोणाच्या चुली पेटत असत, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ते जाणावयाचे तर तटबंदी सोडून देवाकडे वळावे लागते.

नळदुर्गाजवळील मैलारपूर येथे श्रीखंडोबाचे ठाणे आहे. म्हाळसा ही वाण्याची लेक आणि बाणाई ही धनगराची लेक, या खंडेरायाच्या दोन राण्या. बाणाईसाठी देव चंदनपुरीस गेला, धनगराच्या वेषात तिच्या बापाच्या वाड्यावर चाकरीस राहिला, मेंढरे राखली, आणि पुढे तिच्याशी नळदुर्गास लग्न लावले, अशी परंपरेची कथा आहे. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या वाड्यांवर वर्षानुवर्षे जाऊन अशा कथा आणि ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, डॉ. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या अभ्यासकांमुळे आपल्या आजीच्या तोंडची गोष्ट विद्वानांच्या सभेत गेली, ही समाधानाची बाब आहे. परंतु या कथेतील एका गोष्टीकडे आम्हांस येथे लक्ष वेधावयाचे आहे, ती म्हणजे बाणाईचे घर. जेजुरीस जाणाऱ्यांनी पाहिले असेल की म्हाळसा देवासंगे गडावर नांदते, आणि बाणाईचे देऊळ गडाच्या पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर लागते. दोघी सवतींचे पटेना म्हणून देवाने अशी वाटणी केली, असे सांगतात. देवाघरीसुद्धा धनगराच्या लेकीस तटाच्या आत जागा मिळाली नाही, अर्ध्या वाटेवरच मिळाली. कथा रचणाऱ्यांनी गावगाड्याची रीत किती अचूक टिपली होती, हे यावरून ध्यानी येते.

दुसरी गोष्ट तर नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांचीच आहे. खंडोबाची मूर्ती वर्षातील सुमारे पावणेदोन महिने मैलारपुरास असते आणि उरलेले सुमारे सव्वादहा महिने शेजारच्या अणदुरास. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा मैलारपुरास भरते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही प्रांतांतून भाविक येतात. देव हलविताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो, ही प्रथा आजही पाळली जाते. म्हणजे देवास दोन घरे आहेत, दोन्ही गावांस ती मान्य आहेत, आणि त्याच्या येण्याजाण्याची लेखी नोंद आहे. देव फिरता आहे म्हणून कोणी त्यास बेघर म्हणत नाही. उद्या एखाद्या कारकुनाने देवाकडे नळदुर्गच्या वास्तव्याचा दाखला मागितला, तर पावणेदोन महिन्यांवर तो मिळणार नाही, ही गोष्ट वेगळी! हा विनोद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता मेंढपाळाचे घर म्हणजे काय, हे पाहू. आपल्या तरुण पिढीतील अनेकांचा जन्म पक्क्या घरात, कित्येकांचा तर पुण्या-सोलापुरात झालेला. त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. वाडा हा शब्द मराठीत मोठ्या गमतीचा आहे. सरदाराचा चौसोपी वाडा तो वाडा, आणि मेंढरांचा तळ तोही वाडाच. मुळात कुंपण घातलेली जागा एवढाच या शब्दाचा अर्थ. मग ते कुंपण चिरेबंदी असो की काटेरी. चार-सहा बिऱ्हाडे मिळून एक वाडा होतो. संध्याकाळी रानात जागा धरली की वाघूर, म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांवर ताणून मेंढरांभोवती फिरवितात. कोकरांसाठी वेगळी लहान जागा असते. कडेला बिऱ्हाडांची पाले, तीन दगडांची चूल, घोंगडी, पाण्याची भांडी, तट्टाच्या पाठीवर मावेल एवढाच संसार. कुत्री बाहेरच्या अंगाला बसतात. बायका पहाटे हे सारे मोडून तट्टावर लादतात आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा मांडतात. दररोज घर मोडणे आणि दररोज मांडणे हे काम आमच्या आयाबहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या केले; त्याची गणना कोणत्याही मजुरीत झाली नाही.

या फिरत्या घरास गाव पूर्वी परके मानीत नसे, हेही तितकेच खरे. सुगी सरली, जोंधळा, तूर, हरभरा निघाला की शेतकरी स्वतः वाड्यावर येऊन मेंढरे आपल्या रानात बसवा म्हणून विनवीत. रात्रभर कळप बसला की लेंडी-मुताने रान खतावते, हे त्यास ठाऊक होते. त्याबद्दल तो धान्य देई, पुढे रोख पैसेही देऊ लागला. म्हणजे सुगीनंतरच्या सात-आठ महिन्यांत मेंढपाळ हा शेतकऱ्याचा भाडेकरू नव्हता. उलट शेतकरीच त्याचे मोल देत होता. रासायनिक खते आली, विहिरी आणि बोअर यांमुळे रानात बारमाही पीक उभे राहू लागले, उसाचा पसारा वाढला, आणि हा जुना व्यवहार क्षीण झाला. तो अगदी नाहीसा झाला असे मात्र नाही.

खरी अडचण पावसाळ्याची. मृगाचा पाऊस पडला की रानात पेरणी होते आणि शेताची वाट कळपास बंद होते. मग वाडे आपापल्या गावाकडे परततात. या काळात चरावयास माळ आणि गायरान, आणि बसावयास गावालगतची उंचवट्याची कोरडी जागा, या दोन गोष्टी नसतील तर कळप टिकत नाही. काळ्या मातीच्या चिखलात मेंढीची खुरे कुजतात. भिजलेली लोकर अंगावर वाळत नाही. नुकतीच जन्मलेली कोकरे एका रात्रीच्या झडीत दगावतात. म्हणून मेंढपाळास घर हवे असते ते याच चार महिन्यांसाठी प्रथम, आणि त्या घरात माणसाइतकीच मेंढराला जागा लागते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना व शाळेतील पोरांना ते बारा महिने हवे असते, हे निराळे सांगावयास नको. गावोगाव धनगरवाडी, धनगरवाडा, धनगरगल्ली अशी नावे आढळतात. ती बहुधा गावाच्या कडेला, माळाच्या तोंडाशी असतात. आमच्या पूर्वजांनी पावसाळ्याच्या मुक्कामास पकडलेल्या या जागा. यातील काही पुढे पांढरीत गणल्या गेल्या. ज्या गणल्या गेल्या नाहीत, त्यांच्यावरच्या घरांचा प्रश्न आजतागायत लोंबकळत आहे.

ही गणना केव्हा झाली? येथे थोडा राज्यकारभाराचा इतिहास सांगणे प्राप्त आहे. आदिलशाही, मोगलाई, आणि त्यानंतर निजामाची सत्ता असा नळदुर्गाचा क्रम. १८५३ मध्ये निजामाने हा प्रांत, रायचूर व वऱ्हाड यांच्याबरोबर, इंग्रजांकडे सोपविला. त्या वेळी मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहून जिल्ह्याचा कारभार पाहत असे. त्याच्या आत्मचरित्रात या दिवसांचे वर्णन आहे. १८६० मध्ये प्रांत निजामाकडे परत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबाद राज्याच्या मराठी मुलखात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, साखळी फिरली, दगड रोवले गेले, आणि प्रत्येक जमिनीस क्रमांक पडला. जिल्ह्याचे ठिकाण नळदुर्गाहून धाराशिवास विसाव्या शतकाच्या आरंभी गेले. पुढे त्या जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले व २०२३ साली पुन्हा धाराशिव झाले. मोजणीदाराने गावठाण वेगळे काढले, शेताचे धनी लिहिले, आणि जी जमीन कोणाचीच नव्हती ती सरकारची ठरवून तीतील काही भाग गावच्या जनावरांच्या चराईस ठेवला. ज्या दिवशी मोजणीदार गावात आला त्या दिवशी वाडा रानात होता की गावात, यावर पुढच्या कित्येक पिढ्यांचे नशीब ठरले. कागद एकदाच लिहिला जातो. मेंढपाळ दरसाल येतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने निजाम राज्यात शिरल्या तेव्हा पहिल्याच सकाळी नळदुर्गाचा किल्ला आणि बोरीवरील पूल त्यांच्या हाती आला. मराठवाडा मुक्त झाला, जहागिऱ्या गेल्या, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कुळांस जमिनी मिळाल्या, ही न्यायाचीच गोष्ट होती. परंतु कुळ होण्यास काळीत राबल्याचा पुरावा लागतो. माळावर राबणारा कुळ होत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद कलम २२ मध्ये केली, आणि गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस दिला. ही दोन कलमे आमच्या समाजातील प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसाने ध्यानात ठेवावीत, कारण आपला सारा प्रश्न या दोहोंच्या मधल्या फटीत अडकला आहे.

आपल्या सभांतून मल्हारराव होळकर आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांचे पुण्यस्मरण होते, आणि ते व्हावयासच पाहिजे. ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावी जन्मलेल्या या माउलीची त्रिशताब्दी २०२५ मध्ये साजरी झाली. तिने काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे, घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. आमचे मत असे की या कार्यातील धर्मशाळांकडे आपण पुरेसे पाहिले नाही. वाटसरूस रात्रीचा निवारा, जनावरास पाणी आणि कोणाचे उपकार न होता मुक्काम, हे मोल तिने जाणले. मेंढपाळाच्या कुळातील सुनेस ते न जाणवते तरच नवल. दीपमाळा आणि मिरवणुका यांवर होणाऱ्या खर्चातील काही भाग अशा एखाद्या पावसाळी निवाऱ्याकडे वळविला तर तिचे स्मरण अधिक यथार्थ होईल, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

घरे सरकारने बांधून द्यावीत ही कल्पना आपल्या भागात जनमानसात रुजली ती १९९३ च्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबरच्या पहाटे नळदुर्गाच्या ईशान्येस किल्लारी, सास्तूर या पट्ट्यात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पालाखाली निजलेल्यास भिंत नव्हती, म्हणून भिंतीचे भयही नव्हते, असे त्या काळी लोक बोलत. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठी पुनर्वसन योजना आखली गेली आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे माप जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणारास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर असणारास ४००, आणि त्याहून अधिक असणारास ७५०. या वर्गवारीत मेंढराचा रकाना नव्हता. शेतजमीन नसलेल्या मेंढपाळाच्या मागे शंभर मेंढरे असली तरी तो २५० फुटांचाच धनी. जुन्या गावात घरासमोरच्या अंगणात, परसात, बोळाच्या तोंडाशी कोकरे बांधता येत. नव्या गावात सरळ रस्ते आणि एका ओळीत घरे आली, आणि जनावर कोठे बांधावे हा प्रश्न शेतकऱ्यापासून मेंढपाळापर्यंत सर्वांनाच पडला. ज्यांनी घरे दिली त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही; परंतु राहणाऱ्यास न विचारता घर आखले म्हणजे काय होते, याचा तो धडा होता.

त्यानंतरच्या योजनांची नावे बदलली, मापे फारशी बदलली नाहीत. इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण शाखेने घेतली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, असे तिचे स्वरूप. १९९३ च्या भूमिहीनाच्या घराहून हे १९ फुटांनी मोठे! लाभार्थ्यांची निवड २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवरून व्हावयाची होती. घरोघर फिरणाऱ्या गणकास रानातील पाल सापडणे दैवाधीनच होते. नळदुर्ग शहरास नगरपरिषद आहे, तेव्हा हद्दीतील कुटुंबांस शहरी शाखा लागू पडली. तेथे केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख मिळून अडीच लाखांचे साहाय्य आहे, पण स्वतः घर बांधणारास जागेच्या मालकीचा कागद पुढे ठेवावा लागतो. ज्याच्याजवळ जागा नाही त्याच्यासाठी राज्याने २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना काढली. तीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आरंभी ५० हजार रुपयांपर्यंत मदत होती, ती पुढे १ लाख झाली. आता हिशेब पाहा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एका मोठ्या मेंढीस निवाऱ्यात सुमारे १० चौरस फूट जागा लागते. शंभर मेंढरांच्या मध्यम कळपास म्हणजे एक गुंठा नुसता बसण्यास हवा. ५०० फुटांत माणसांचे घर उभे राहिले तर मेंढरे कोठे, आणि मेंढरे बसविली तर माणसे कोठे, हे गणित पाचवीतील मुलासही सुटते.

या सर्व योजनांत आमच्या गरजेच्या सर्वांत जवळ जाणारी एकच आहे, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. ती म्हणजे विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीची, २०११ पासूनची, यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. तीत २० कुटुंबांची वसाहत, प्रत्येक कुटुंबास ५ गुंठे जागा व २६९ चौरस फुटांचे घर, आणि उरलेल्या जागेत पोटापाण्याचा उद्योग, अशी कल्पना आहे. ५ गुंठ्यांत घर, कोकरांचा गोठा, शंभर मेंढरांचे छप्पर आणि गंजीपुरती मोकळी जागा हे सारे बसते. ज्या कोणी हे माप ठरविले त्याने वाडा डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे. मात्र त्याच योजनेत अट अशी की कुटुंब गावोगाव भटकंती करून उपजीविका करणारे असावे, आणि तेच कुटुंब वर्षातून किमान सहा महिने एका ठिकाणी राहणारे असावे. आमचा मेंढपाळ पावसाळ्याचे चार महिने गावी असतो. दोन महिने कमी पडतात. खंडोबाचे तर त्याहूनही पुष्कळ कमी पडतील. शिवाय २० कुटुंबांस एक हेक्टर मोकळी जमीन गावाजवळ सापडावी कोठे, हा प्रश्न आहेच. पुढे २०१९ मध्ये राज्य शासनाने धनगर समाजासाठी ज्या योजना जाहीर केल्या त्यांत बेघर कुटुंबांस पहिल्या टप्प्यात १० हजार घरे देण्याचा निर्णय होता. तेथेही जागेचाच अडसर प्रथम येतो.

जागा कोठे सापडावी, याचे सोपे उत्तर अनेकजण देतात : गायरानात. या उत्तराविषयी आम्हांस स्पष्ट लिहावयाचे आहे, मग ते काहींस रुचो वा न रुचो. गायरानावर घर मागणे म्हणजे आपल्याच मेंढीच्या तोंडचा घास काढणे होय. आज गायरानावर कितीजणांची दृष्टी आहे! शासकीय इमारती तेथे, पाण्याच्या टाक्या तेथे, आणि २०२३ पासून शेतीपंपांच्या विजेसाठी सौर प्रकल्पांनाही शासकीय व गायरान जमिनी देण्याचे धोरण आहे. याउलट भूमिहीनांच्या गायरान हक्काचा इतिहास निराळा आहे, आणि तो आदराने सांगितला पाहिजे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात गावकुसाबाहेरच्या माणसाने पोटासाठी गायरान कसले, त्याच्याशी आमचा वाद नाही व नसावा. तोही गावच्या काळीतून वगळलेला, आम्हीही वगळलेले. दोघांना एकमेकांच्या अंगावर घालून मधली जमीन तिसऱ्यानेच न्यावी, असे काही ठिकाणी घडू पाहते. ते समजून घेतले पाहिजे.

कायद्याची बाजूही कडक आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना शासनाच्या अधिसूचनेने दिलेली जमीन किंवा शाळा-दवाखान्यासारखा सार्वजनिक उपयोग, एवढाच अपवाद ठेवला. त्याच वर्षी १२ जुलै रोजी महाराष्ट्र शासनाने तदनुसार निर्णय काढला. ग्रामीण भागातील शासकीय जागांवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण २०१८ मध्ये आले; परंतु २०२२ च्या अखेरीस, मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानांचा विषय आल्यानंतर, राज्यात गावोगाव घरे हटविण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या दिवसांत कित्येक माळांवरच्या झोपड्यांत चुली नीट पेटल्या नाहीत. मेंढपाळाची यात विचित्र अवस्था झाली. गायरान मोकळे झाले तर त्याचा कळप जगतो. पण मोकळे करताना पहिले छप्पर जाते ते त्याचेच, कारण पक्क्या बांधकामास मुदत मिळते, पालास मिळत नाही.

तेव्हा मार्ग कोणता? घर पांढरीतून मागावे आणि माळ माळच ठेवावा, असे आमचे मत आहे. गावठाणाची हद्द वाढविण्याचा अधिकार कायद्यात आहे. ती वाढविताना जुन्या धनगरवाड्याची, पावसाळी मुक्कामाची जागा प्रथम आत घ्यावी. घरामागे जागा ५ गुंठ्यांहून कमी नसावी. एवढी जागा गावालगत मिळत नसेल तर निदान घर दोन गुंठ्यांत आणि चार-सहा बिऱ्हाडांस मिळून मेंढरांचे एक सामाईक छप्पर अशी तडजोड होऊ शकते. वाडा हा मुळातच सामाईक असतो, त्यामुळे आपल्या लोकांस ते जड जाणार नाही. सहा महिन्यांच्या वास्तव्याच्या अटीऐवजी दरसाल पावसाळ्यातील चार महिन्यांच्या मुक्कामाची नोंद ग्राह्य धरावी. राज्य शासन भटकंती करणाऱ्या मेंढपाळास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे चराई अनुदान देते, म्हणजे हे चार महिने शासनाच्या एका खात्यास मान्य आहेत. तेच दुसऱ्या खात्यास का मान्य असू नयेत? पशुसंवर्धन खात्याच्या वहीतील नोंद गृहनिर्माणाच्या वहीत नेण्यास नवा कायदा लागत नाही.

कोणी म्हणेल, मेंढरेच विका आणि घर घ्या. सल्ला शहाण्याचा दिसतो. महामेष योजनेखाली २०१७ पासून २० मेंढ्या आणि एक नर यांचा गट ७५ टक्के अनुदानाने देण्याचे धोरण आहे, आपल्या जिल्ह्यात तीर्थ येथे मेंढी-शेळी महामंडळाचे प्रक्षेत्रही आहे. म्हणजे एका हाताने शासन मेंढी वाढवा म्हणते. दख्खनी मेंढी ही कोरड्या माळावरच्या खुरट्या गवताचे मांस, लोकर आणि खत करणारे जनावर आहे. ते काम दुसरे कोणतेही यंत्र करीत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून ठरविले, ते काही उगाच नव्हे. केंद्र सरकारने नेमलेल्या, श्री. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्येच भटक्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न पुढे मांडला होता. धंदा सोडून घर घेणे हा ज्याचा त्याचा विचार असू शकतो, आणि मुलांस शिकवून नोकरीस लावणाऱ्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. पण धंदा सोडल्यावाचून घर मिळू नये, ही सक्ती कोणी केली?

आता आपल्या हातातील कामाविषयी. गावठाणवाढीचा प्रस्ताव ग्रामसभेत मांडावा लागतो, आणि ग्रामसभेच्या दिवशी मेंढपाळ बहुधा रानात असतो. यासाठी गावी राहणाऱ्या बांधवांनी पुढे झाले पाहिजे. पावसाळ्यात, वाडे गावी असताना, प्रत्येक वाड्याची पुढीलप्रमाणे नोंद करून ठेवावी : कुटुंबप्रमुखाचे व घरातील सर्वांचे नाव, मेंढरांची संख्या, मुक्कामाच्या जागेचा गट क्रमांक व चतुःसीमा, तेथे किती पिढ्यांपासून मुक्काम होतो त्याविषयी गावातील दोन वडीलधाऱ्यांचे म्हणणे, जुनी पावती, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, मतदारयादीतील क्रमांक यांपैकी जे असेल ते. पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाची नोंद असते. तीत तारीख व गाव असते, म्हणून तिची नक्कल अवश्य घ्यावी. मेंढराला सुई टोचल्याचा कागद माणसाच्या घरासाठी उपयोगी पडावा, हे ऐकावयास चमत्कारिक वाटेल. परंतु अनेक बिऱ्हाडांजवळ सरकारी शिक्क्याचा तोच एक कागद आहे. पौष पौर्णिमेस मैलारपुरास आपली सर्वांची गाठ पडतेच. त्या वेळी या नोंदी बरोबर आणाव्यात, म्हणजे गावनिहाय एकत्र करून तुळजापूरच्या तहसील कार्यालयात उन्हाळ्यापूर्वी दाखल करता येतील.